शाळेतला टॅब्लेट, आठ महिन्यांनंतर: मुख्यतः चार्जिंग पोर्टबद्दल

सर्व्हिस सेंटरने तिसऱ्यांदा टॅब्लेट तसाच परत पाठवला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ओलावा आढळला, वॉरंटी लागू नाही.' गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमची शाळा सत्तरी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. जुलैमध्ये इथे कपाटातल्या वह्यासुद्धा दमट लागतात. पाण्यात पडलेला टॅब्लेट वेगळा आणि दमट हवेत राहिलेला वेगळा. तो फरक न बघता माझ्याकडे ३,८०० रुपये मागितले, म्हणून हे लिहायला बसले.

स्क्रीन, रॅम, कॅमेरा याबद्दल भरपूर वाचायला मिळतं, ते सोडून देते. आमच्याकडे १५ टॅब्लेट आहेत. सहावी आणि सातवीला मी गणित-विज्ञान शिकवते, वर्गात तीसेक मुलं. जून ते जानेवारी या काळात १५ पैकी ६ टॅब्लेटचं चार्जिंग बंद पडलं. बाकी काहीच बिघडलं नाही. दोनदा बाकावरून पडूनही काचा शाबूत आहेत, पण ते इवलंसं पोर्ट टिकत नाही.

कारण मला उशिरा कळलं. ओलावा असताना पिनांमधून वीज चालू राहिली की त्या झपाट्याने गंजतात, आणि आम्ही तर टॅब्लेट रात्रभर केबलला लावूनच कपाटात ठेवत होतो. वर एका एक्स्टेंशन बोर्डावर चार जाड अ‍ॅडॉप्टर शेजारी शेजारी बसत नाहीत, मग कुणीतरी केबल तिरकी ओढून लावतं. शेवटी म्हापशातल्या एका दुरुस्तीवाल्याने ४०० रुपयांत एका टॅब्लेटच्या आतला, पोर्ट बसवलेला छोटा चार्जिंग बोर्ड बदलून दिला. उरलेले पाचही त्याच्याकडेच दिले, सगळे मिळून २,४०० रुपये. सर्व्हिस सेंटरच्या एका टॅब्लेटच्या खर्चापेक्षाही कमी. आता चार्जिंग झालं की केबल लगेच काढायची, पोर्ट सुकं ठेवायचं, आणि गणेश चवथीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत बॅटरी साधारण निम्मी ठेवून टॅब्लेट बंद करायचा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा चार्ज घेईलच असं नाही.

एवढा त्रास होऊनही टॅब्लेट परत करावेत असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण भाषा आहे. आमच्याकडे बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येतात. अंश आणि छेद त्यांना पक्के ठाऊक असतात, पण न्यूमरेटर म्हटलं की चेहरा कोरा. कोलोराडो विद्यापीठाची फेट नावाची मोफत सिम्युलेशन्स आहेत, त्यांतली बरीच मराठीतही मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की नेटवर्क लागत नाही. गावात नेटवर्क कसं असतं ते सांगायला नको. अपूर्णांकांचं सिम्युलेशन मी दोन्ही भाषांत उतरवून ठेवलंय. मुलं आधी मराठीत वर्तुळाचे तुकडे करून बघतात, मग तेच इंग्रजीत. सहावीतली एक मुलगी जूनपासून वर्गात तोंड उघडत नव्हती. तिने २/४ आणि १/२ एकावर एक ठेवले आणि आधी मराठीत, मग अडखळत इंग्रजीत, दोन्ही सारखे कसे ते शेजारणीला समजावलं. तो तास मला आजही आठवतो.

इथे एक मत बदलावं लागलं. दोन मुलांत एक टॅब्लेट, ही मला टंचाई वाटत होती, आणि ऑगस्टमध्ये आणखी १५ मागणारा अर्ज मी तयार केला होता. पण ज्या दिवशी मुलं कमी असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र टॅब्लेट मिळतो, त्या दिवशी वर्ग गप्प होतो. जोडीत मुलं भांडतात, 'असं का?' विचारतात. व्हिडिओही मी जवळजवळ बंद केले, कारण तेव्हा मुलं नुसती बघत राहतात.

सातवीला विद्युत परिपथ शिकवताना आधी टॅब्लेटवर परिपथ जोडला, मग खरे सेल, बल्ब आणि तारा दिल्या. टॅब्लेटवर बल्ब दरवेळी पेटतो, हातात मात्र तार थोडी सैल राहिली तरी पेटत नाही. मुलं आधी वैतागली, मग एकेक जोड तपासू लागली. त्याच आठवड्यात एका मुलाने बंद पडलेल्या टॅब्लेटच्या पोर्टमध्ये भिंगातून पाहिलं. आत हिरवट थर होता. तो म्हणाला, "टीचर, हांगा कॉन्टॅक्ट जायना." म्हणजे इथे कॉन्टॅक्ट होत नाही. दुरुस्तीवाल्यानेही नंतर तेच सांगितलं. सर्व्हिस सेंटरच्या तिन्ही चिठ्ठ्यांत मात्र पोर्टचा उल्लेख नव्हता.

ऑगस्टचा तो अर्ज मी मागे घेतला आहे. त्याऐवजी सुटसुटीत जागा असलेले दोन एक्स्टेंशन बोर्ड, जास्तीच्या केबल्स आणि सातवीसाठी सेल-बल्बचे दहा संच मागितले आहेत.