नाशिकची द्राक्षपानं आणि पुण्याकडचा कॉन्फोकल

मी नाशिकच्या एका कॉलेजात द्राक्षावरच्या डाऊनीवर, म्हणजे केवडा रोगावर, पीएचडी करते आहे. आमच्याकडे साधा कंपाउंड मायक्रोस्कोप आहे. कॉन्फोकल म्हणजे लेझरवर चालणारा, नमुन्याच्या आतलं दाखवणारा मायक्रोस्कोप. त्याची किंमत कोटींच्या घरात, वर दरसालचा देखभालीचा करार. एकट्या कॉलेजाला ते झेपत नाही. म्हणून सिन्नर-संगमनेर करत पुण्याकडच्या एका विद्यापीठाच्या जीवविज्ञान उपकरण केंद्रात जाते. खाली तक्रारीही आहेत, त्यामुळे केंद्राचं नाव देत नाही. अशी केंद्रं शोधायची तर २०२० साली सुरू झालेलं सरकारचं आय-स्टेम पोर्टल बघा. कुठलं उपकरण कुठे आहे ते कळतं, बुकिंगही होतं.

मला तिथे पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते तिथल्या ऑपरेटर मॅडममुळे. डाऊनीचे झूस्पोअर, म्हणजे पाण्यात पोहणारे बीजाणू, पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रापाशी येऊन बसतात, तिथून त्यांची नळी आत शिरते. ती पानात किती खोल गेली, हे मला बघायचं असतं. पानाच्या चकत्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करून अ‍ॅनिलीन ब्लूने रंगवल्या की आतले तंतू चमकतात, आणि कॉन्फोकल पानाचा एकेक थर सुटा करून दाखवतो. चित्र कितीही देखणं आलं तरी मॅडम ते लगेच सेव्ह करू देत नाहीत. आधी रेंज इंडिकेटर लावतात. पडद्यावर जिथे लाल ठिपके येतात तिथे डिटेक्टरची मर्यादा संपलेली असते. "इथली तीव्रता मोजलीस तर आकडा खोटा येईल गं," असं म्हणून सगळ्यात चमकदार चकतीवर गेन, म्हणजे डिटेक्टर सिग्नल किती वाढवतो ते, उतरवतात आणि पुढे निरोगी पानालाही तोच गेन ठेवायला लावतात. माझी मोजमापं आज ठामपणे मांडता येतात ती या शिस्तीमुळे. इतकं शिकवणं कुठल्याही दरपत्रकात लिहिलेलं नसतं.

आता तक्रारी. बाहेरून येणाऱ्यांना नमुने तयार करायला वेगळं बेंच नाही. चकत्या तिथेच रंगवून काही वेळ अंधारात ठेवाव्या लागतात आणि तो सगळा वेळ स्लॉटमध्ये धरला जातो. तासाचे पैसे, त्यावर जीएसटी, आणि माझ्यासारखीला फेलोशिप नाही. हे बदलायलाच हवं. एक टेबल, एक बेसिन, एवढ्यावर काम भागेल. दुसरं, स्लॉट कित्येक आठवडे आधी घ्यावा लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडकडे अवकाळी पाऊस झाला की डाऊनी काही दिवसांत पसरते, आणि शेतातले ताजे नमुने तेव्हाच मिळतात. शेतीवर काम करणाऱ्यांसाठी हंगामात थोडे स्लॉट राखून ठेवावेत, असं मी केंद्राला लेखी कळवलं आहे.

डेटा सर्व्हरवरूनच घ्यावा लागतो, व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. ते योग्यच आहे. पेपरमध्ये केंद्राचा आभारपूर्वक उल्लेख करावा लागतो, तोही जरूर करा, कारण त्यावरच अशा केंद्रांना पुढचा निधी मागता येतो.

नाशिकहून जाणार असाल तर बुकिंगआधी ऑपरेटरना फोन करून कुठलं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) आणि कुठले लेझर चालू आहेत ते विचारून घ्या. कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचा, मात्र आपल्याच न्या, दीड नंबरच्या, म्हणजे ०.१७ मिमी जाडीच्या. बहुतेक ऑब्जेक्टिव्ह त्याच जाडीसाठी बनवलेली असतात.