विहिरीवरच्या मोटरला तांब्याची केबल की ॲल्युमिनियमची?

वरूड-मोर्शीकडची संत्र्याची बाग घ्या. मीटरपासून विहीर 100 मीटर, 1 एचपी सिंगल फेज मोटर, करंट 7 अँपिअर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तार 200 मीटर धरायची.

2.5 चौ.मिमी तांब्याचा रोध सुमारे 1.4 ओहम. 7 ने गुणलं की व्होल्टेज 10 ने पडतं. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 70 वॅट तारेतच जळतात. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमला 2.24 ओहम: 16 व्होल्ट, 110 वॅट. खरी अडचण सुरू होताना. तेव्हा करंट 30 अँपिअर झाला तरी या ॲल्युमिनियमच्या तारेत 67 व्होल्ट पडतात. लाइन आधीच 190 व्होल्टवर असेल तर मोटर नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं.

4 चौ.मिमी ॲल्युमिनियम मात्र 2.5 तांब्याच्या बरोबरीला येतं, स्वस्तही पडतं. आमची पसंती तरी तांब्यालाच, कारण जोड. तांबं-ॲल्युमिनियम थेट पिळलं की पावसाळ्यात जोड गंजतो, तापतो. तिथे बायमेटल लगच (एका टोकाला तांबं, दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियम असलेला जोडाचा तुकडा) हवा.

तपासणी मोटर चालू ठेवूनच करा, बंद असताना दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच दिसतं. मीटरजवळचं वजा स्टार्टरजवळचं, भागिले क्लँप मीटरचा (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) अँपिअर: हाच तारेचा रोध. हिशेबापेक्षा बराच जास्त आला तर आधी जोड उघडा.