मलावी की नेपाळ? मिशनच्या दवाखान्यात तीन महिने द्यायचे असतील तर

आमच्या सांगली-मिरजेकडे मिशन हॉस्पिटल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या दवाखान्याच्या गोष्टी आजोबांच्या पिढीपासून घराघरात आहेत. त्यामुळे वीस वर्षं प्रॅक्टिस केल्यावर तीन महिने कुठेतरी द्यावेत असं मनात आलं, तेव्हा मी मिशनचाच दवाखाना शोधला. आधी आफ्रिकेतलं मलावी, दोन वर्षांनी नेपाळ. आता ओळखीतले डॉक्टर आणि सिस्टर विचारतात, आम्ही कुठे जाऊ? लसी, मलेरियाच्या गोळ्या, विमा हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या तात्पुरत्या नोंदणीचे कागद तेवढे बरेच महिने आधी पाठवा, दोन्हीकडे.

गरज कुठे जास्त, असं विचाराल तर मलावीत. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, मलेरिया वाढतो आणि जानेवारीत मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन पोरं असतात. डॉक्टर इतके कमी की दवाखाना खरं तर क्लिनिकल ऑफिसर चालवतात. ही एमबीबीएस न केलेली, डिप्लोमा घेतलेली माणसं, पण सिझेरियनसुद्धा तीच करतात, आणि हात असा बसलेला की बघत राहावं. मलेरियाने रक्त पार उतरलेलं मूल कसं सावरायचं हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकलो मात्र तिथे. प्रत्येक पेशंटकडे हेल्थ पासपोर्ट नावाची छोटी वही असते. जुन्या तपासण्या, औषधं सगळं त्यात, आणि ती पेशंटजवळच राहते. आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशवीतून चुरगळलेल्या चिठ्ठ्या येतात, त्या आठवून मला त्या वहीचा हेवा वाटायचा.

तरीही एका गोष्टीने मला तिथे शेवटपर्यंत स्वस्थ बसू दिलं नाही. ती म्हणजे भाषा.

सरकारी कामकाज इंग्रजीत चालतं, पण खेड्यातून आलेली बाई चिचेवा बोलते. पाठीला पोर बांधलेली एक आई माझ्यासमोर बसून चांगली दोन-तीन मिनिटं बोलली. हातवारे केले, पोराची मान मागे टाकून दाखवली. सिस्टरने मला सांगितलं, "ताप, तीन दिवस." आई 'मलुंगो' म्हणाली होती. तो शब्द मलेरियालाही चालतो आणि नुसत्या तापालाही. मी पुन्हा विचारायला लावलं तेव्हा कळलं की पहाटे पोराला झटका आला होता. सिस्टरची चूक नव्हती. तिचे कान वॉर्डाकडे लागलेले होते, कारण वॉर्डातल्या दोन सिस्टरांपैकी एक माझ्याजवळ बसवली होती.

माझ्या मनाला लागलं ते हेच. मी फुकट काम करत होतो असं म्हणायचं, पण माझ्या ओपीडीच्या प्रत्येक तासाला तिथल्या वॉर्डाचा एक तास जात होता. एकदा रक्त चढवायला तिला बोलावून नेलं. तासभर ओपीडी थांबली, मी बाकावर बसून राहिलो. त्या तासात माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, तिच्यावाचून मात्र अडलं असतं. कुणी तोंडातून शब्द काढला नाही, पाहुण्याला ते लोक फार जपतात. पण मला ते दिसत होतं.

नेपाळला गेलो आणि पहिल्याच सकाळी एक आजी म्हणाल्या, "छाती पोल्छ." पोळतं! मग "पेट दुख्छ", "खोकी लाग्यो", "ज्वरो आयो". गोळ्यांच्या पाकिटावर देवनागरीत 'दिनको ३ पटक, खाना खाएपछि' लिहिलेलं मी स्वतः वाचून दाखवू शकत होतो. अडलं की हिंदी होतीच. डोंगरातले कितीतरी पुरुष मुंबई-पुण्यात राबून आलेले असतात. हडपसरला वॉचमन म्हणून राहिलेल्या एका बाबांनी तर मला सरळ "लई दुखतंय, डॉक्टर" म्हणून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी एकटा ओपीडी बघू लागलो आणि सिस्टर वॉर्डात राहिल्या.

आजारही वेगळे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, पण चुलीच्या धुराने छाती गेलेल्या बायका. गुरांसाठी पाला तोडताना झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेल्या तरुण सुना. कीटकनाशक प्यायलेले पेशंट तर आपल्याकडच्यासारखेच, त्यामुळे तिथे माझा हात लगेच चालला.

अडचणी तिथेही आहेत. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद, पाठवायचा पेशंट तिथेच सांभाळावा लागतो. तारखा विक्रम संवताच्या. गरोदर बाई शेवटची पाळी 'असार'ची सांगते आणि आपण आपला आषाढ धरला की गणित चुकतं, कारण त्यांचे महिने सौर आहेत, असार जूनच्या मध्याला लागतो. सुरुवातीला माझं एकदा चुकलं. मग भिंतीवर नेपाळी पंचांग लावूनच घेतलं.

तुम्ही सर्जन किंवा भूलतज्ज्ञ असाल तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवा. टेबलावरच्या पेशंटशी फारसं बोलायचं नसतं आणि मलावीत तुमच्या हातांची किंमत फार मोठी आहे. वर्षभर राहणार असाल, चिचेवा शिकणार असाल, तरी तिकडेच जा म्हणेन. पण फिजिशियन किंवा जनरल प्रॅक्टिशनर असाल आणि हातात तीनच महिने असतील, तर मला नेपाळ बरं वाटतं. तिथल्या पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनचं मिशन हॉस्पिटल १९५४ पासूनचं आहे. अशा जुन्या ठिकाणी बाहेरून आलेल्या डॉक्टरला कामाला कसं लावायचं याची सवय असते.

कुठेही जायचं ठरवलंत तरी पहिल्याच पत्रात एक प्रश्न विचारा: माझ्यासाठी दुभाषा कोण असेल, आणि तेव्हा त्याचं काम कोण करेल? मलावीला लिहिताना मला हे सुचलं नव्हतं. नेपाळला विचारलं, तर उत्तर आलं, "आधी दोन आठवडे भाषा शिका, मग पेशंट बघा."