स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 ट्रॅकवर नेली, ब्रेक ऑइल आधी बदला!

पुण्याहून गाडी चालवत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो, 3.7 किमीचा लॅप, 12 कॉर्नर, आणि खरं सांगतो हायवेवर मला ही गाडी 10% पण कळली नव्हती. 245 पीएस पॉवर, 370 एनएम टॉर्क, पण मजा पॉवरची नाहीये, पुढच्या एक्सलवरच्या इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियलची आहे, म्हणजे पुढच्या दोन चाकांत गरजेप्रमाणे जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेची. कॉर्नरमधून निघताना ॲक्सिलरेटर दिला की साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांवर चालणारी) गाडी बाहेर सरकते, ही नाक आत ओढून घेते, स्टीअरिंगमध्ये हाताला चक्क जाणवतं!

चौथ्या लॅपला मेन स्ट्रेट संपताना ब्रेक दाबला तर पेडल मऊ, नेहमीपेक्षा खूप खाली गेलं, पोटात गोळाच आला. चूक माझी, ब्रेक ऑइल दोन वर्षांचं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं, नवीन डॉट 4 ग्रेडचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं पण पाणी मुरलेलं 155 ला सुद्धा उकळू शकतं, वाफ झाली की पेडल खाली. लगेच एक लॅप सावकाश मारून पिटमध्ये आलो, हँडब्रेक न लावता गाडी थंड होऊ दिली. टायर 33 वरून 40 पीएसआय झाले होते, हवा कमी केली, मग तीन-तीन लॅपच मारले आणि गाडी दिवसभर मस्त पळाली.

संध्याकाळी त्याच गाडीत एसी लावून, डिकीत चार बॅगा टाकून परत निघालो. घेतली तेव्हा 2020 ला भारतात फक्त 200 आल्या होत्या, मी तरी विकणार नाही.