पद्मिनी की ॲम्बॅसेडर: वायरिंग आणि पार्ट्सच्या बाजूने

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी गंज शोधतो, मग इंजिन ऐकतो, मग आरसी बुक उलटसुलट करून बघतो. वायरिंगची तपासणी म्हणजे हेडलाइट लागले, हॉर्न वाजला, झालं. घरी आणल्यावर पहिल्या वर्षात गाडी रस्त्यात थांबते ती मात्र बहुतेक वेळा वायरिंगमुळेच. इंजिनाचं काम एकदा नीट झालं की काही वर्षं तिकडे बघावं लागत नाही. विजेचा दोष पावसात उगवतो, उन्हात गायब होतो आणि इलेक्ट्रिशियनसमोर गाडी उभी केली की हटकून सापडत नाही. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर, दोन्ही गाड्यांच्या रूपावर आणि आठवणींवर भरपूर लिहून झालंय. इथे फक्त वायरिंग, चार्जिंग, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि त्यांचे पार्ट्स.

दोन घराणी

ॲम्बॅसेडर म्हणजे ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्सने ती उत्तरपाड्याला १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनवली. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बांधलेली. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि नव्या शतकाच्या तोंडाशी ती बंद झाली. मुंबईकर आजही तिला फियाटच म्हणतात.

डायनामो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), सेल्फ, डेल्को (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) यांवर दोन्ही गाड्यांत बहुधा लुकास-टीव्हीएस कंपनीच्याच नावाची पट्टी दिसते, त्यामुळे वायरिंगही सारखंच असेल असं वाटतं. तसं नाही. वायरी कुठून कुठे जातात आणि फ्यूज कुठे बसतात, यात ब्रिटिश आणि इटालियन विचार सरळ वेगळे आहेत.

ॲम्बॅसेडरच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लुकासची रंगपद्धत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, चावी बंद असली तरी जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी चावीनंतर फ्यूजमधून जाते. जांभळी फ्यूजमधून, पण चावीशिवाय. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि टेल लॅम्पची, काळी अर्थची. दोन रंगांची वायर असेल तर मुख्य रंग सर्किट सांगतो आणि बारीक रेघ त्यातली फांदी: निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल म्हणजे डिपर. एवढं पाठ असलं की टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी लावलेला छोटा बल्ब, घेऊन घरच्या घरी निम्मे दोष शोधता येतात. फियाटचे रंगही आराखड्यात दिलेले असतात, पण ते असे रंगावरून ओळखता येत नाहीत; कागद समोर ठेवूनच चालावं लागतं.

फ्यूजच्या बाबतीत पारडं उलटं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइट त्या दोन्हींच्या बाहेर. म्हणजे हेडलाइटची वायर रेडिएटरच्या पत्र्याला घासून सोलली तर फ्यूज उडत नाही, वायर जळते. जुनी ॲम्बॅसेडर घेतलीत तर आधी हेडलाइटसाठी आणि तपकिरी वायरच्या मुख्य फाट्यावर वेगळे फ्यूज बसवून घ्या. मूळपणाचा कितीही आग्रह असो, या कामात तडजोड नको.

फियाटच्या मूळ आराखड्यात दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीचे फ्यूज रांगेने असतात आणि हेडलाइटही त्यांच्यामागे असतात. सुरक्षित आहे, पण त्यालाही एक खोड आहे. फ्यूज ज्या पितळी पट्ट्यांत अडकतो त्या सैल होतात, हिरव्या पडतात. फ्यूज शाबूत दिसतो, पलीकडे करंट मात्र नाही. पद्मिनीत दोन-तीन असंबंधित गोष्टी एकदम बंद पडल्या, म्हणजे वायपर, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा, तर मीटर बाहेर काढायच्या आधी फ्यूज जागच्या जागी बोटाने फिरवून बघा. पट्ट्या घासून, किंचित दाबून घट्ट केल्या की बरेचदा काम होतं.

आधीच्या मालकाने काय केलं

हा सगळा पुस्तकी हिशेब वायरिंग मूळ असेल तर. प्रत्यक्षात गाडीचं पूर्वायुष्य जास्त बोलतं.

महाराष्ट्रात विकायला येणाऱ्या बऱ्याच ॲम्बॅसेडर सरकारी ताफ्यातून लिलावात निघालेल्या. त्यांच्या टपावर दिवा असायचा, बॉनेटखाली सायरन, मागच्या सीटला पंखा. १ मे २०१७ पासून लाल दिवे बंद झाले. दिवा काढला, भोक बुजवलं, पण छताच्या अस्तराखालची वायर बहुतेकांनी तशीच ठेवली. ती कुठे तरी जिवंत असू शकते. पद्मिनी टॅक्सीची असेल तर भाड्याचा मीटर, गॅस किट, टेप आणि रंगीत दिवे यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वायरी एकाच काळ्या टेपखाली सापडतात. खासगी मालकाची, एका घरात राहिलेली पद्मिनी अजून मिळते आणि तिच्यात वायरिंग पुष्कळदा मूळच असतं. तेवढ्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या दिसल्या तर कोणीतरी घाईत नवीन ओढलेत. पिळून टेप मारलेले जोड मोजायला लागलात आणि कंटाळलात, तर नव्या वायरिंगचा खर्च किमतीत धरा. दोन्ही गाड्यांसाठी तयार हार्नेस, म्हणजे बांधलेला वायरींचा संच, मिळतो. माझं मत तयार हार्नेसपेक्षा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून गाडीवरच बांधून घेण्याकडे झुकतं, कारण तयार हार्नेसमध्ये तांबं बारीक निघण्याची धास्ती असते. चार्जिंगला आणि हेडलाइटला जाड वायर वापरायला सांगा.

दोष शोधताना

दोन्ही गाड्यांत पहिला संशयित एकच: अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी जाड विणलेली पट्टी लागते. ती तुटली किंवा गंजली की सेल्फचा सगळा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली तर बॅटरी बदलू नका, पट्टी बदला. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब.

बॅटरीचंही याच पद्धतीने बघा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. सेल्फचे बुश झिजले की आर्मेचर घासायला लागतं आणि नेमकं हेच होतं. बुश स्वस्त असतात, आणि दोन्ही गाड्यांचे सेल्फ भरून देणारे कारागीर जिल्ह्याच्या गावी अजून आहेत.

'गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू' ही तक्रार पद्मिनीत जास्त ऐकू येते, आणि इथेच पैसे फुकट जातात. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट असे ठिणगी पाडणारे पार्ट सगळे बदलले जातात आणि दोष पेट्रोलचा असतो: पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो. मुंबईचे टॅक्सीवाले उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याचसाठी. निदान करायचं तर बंद पडल्या जागीच करा. कॉइलची जाड वायर डेल्कोच्या टोपणातून काढून, इन्सुलेटेड पक्कडीत धरून, इंजिनाच्या धातूपासून पाचेक मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. निळी, ठसठशीत ठिणगी पडली तर वीज ठीक आहे. पिवळट किंवा अजिबात नाही, तर आधी कंडेन्सर, मग कॉइल. नवे कंडेन्सर दर्जाने भरवशाचे राहिलेले नाहीत, म्हणून गाडीत एक चालवून बघितलेला जादा ठेवावा.

खूप जुनी ॲम्बॅसेडर किंवा तिच्याआधीची लँडमास्टर बघत असाल तर एक जास्तीची काळजी. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत या घराण्यातल्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. मधल्या काळात कोणी उलटवलं असेल किंवा नसेल. बॅटरी, टेप, अल्टरनेटर (डायनामोचं काम करणारं नव्या पद्धतीचं यंत्र) काहीही जोडण्याआधी तपासा. अल्टरनेटरचे डायोड उलट्या बॅटरीला क्षणभरही तोंड देत नाहीत.

डायनामो ठेवायचा की काढायचा

दोन्ही गाड्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये डायनामो आणि त्याचं चार्जिंग आवरणारा कटआउट, शेवटच्या काळातल्यांत अल्टरनेटर. डायनामो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. त्या काळातला लुकासचा नेहमीचा डायनामो पूर्ण वेगात २२ अँपिअरचा. आता हिशेब मांडा: ६०/५५ वॉटचे दोन हॅलोजन डिपरवर नऊ अँपिअर खातात, शिवाय टेल लॅम्प, इग्निशन, वायपर. पुण्यातल्या संध्याकाळच्या पावसात, सिग्नलला सिग्नल लागून, बॅटरी रिकामी होणारच. यात डायनामोचा दोष काही नाही, तो बनला त्या काळी रस्ते मोकळे होते.

रोज वापरायची गाडी असेल तर अल्टरनेटर लावा. मारुती ८०० चा अल्टरनेटर पट्टी बनवून बसवणं ही गॅरेजांतली जुनी पद्धत आहे आणि दोन्ही गाड्यांत जमते. कटआउट वायरिंगमधून बाहेर काढावा लागतो, चार्जिंगची वायर जाड टाकावी लागते, आणि डॅशबोर्डवर अँपिअरचा काटा असेल तर त्यातून एवढा करंट जाऊ देऊ नये.

रविवारची गाडी असेल तर डायनामो राहू द्या. तो दुरुस्त होतो. कार्बन, बेअरिंग, फार तर आर्मेचर. मोटर वाइंडिंगवाला करून देतो. चार्ज होत नसेल तर दोष डायनामोत की कटआउटमध्ये, हे कळायला एक सोपी चाचणी आहे. डायनामोवर डी आणि एफ अशी अक्षरं असतील तर दोन्ही वायरी काढून ती टर्मिनल एकमेकांना जोडा, व्होल्टमीटरचं एक टोक त्यांना आणि दुसरं बॉडीला लावा, आणि वेग हळूहळू वाढवा. काटा सरसर चढून वीस व्होल्टपर्यंत गेला तर डायनामो धडधाकट आहे, कटआउट बघा. वीसच्या पुढे रेस करू नका.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी, म्हणजे 'व्हीए' अक्षरांची पाटी, ५० वर्षांहून जुन्या गाडीलाच मिळते, आणि अशी गाडी रोज फिरवता येत नाही. नियमात चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या बदलांना हरकत आहे. तरी अशा गाडीचा डायनामो काढलात तर भंगारात देऊ नका, खोक्यात जपून ठेवा.

पार्ट्स

पद्मिनीचा बाजार घराजवळ आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसची दुकानं, चोर बाजार. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. पॉइंट, रोटर, डेल्कोचं टोपण, कार्बन, सेल्फचा बेंडिक्स (दातेरी गिअर) यांची चणचण नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, आणि टॅक्सीच्या जिवावर माल भरणारा दुकानदार आता नवीन माल कशाला भरेल? आटतायत त्या गोष्टी म्हणजे स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच, टेल लॅम्पच्या काचा, मीटरचे सेंडर. गाडी घेण्याआधी हे तीन चालू आहेत का बघा. बाकीचं पुढे बघता येतं.

ॲम्बॅसेडरचा खरा बाजार कोलकात्याला, मलिक बाजारात. दिल्लीचं काश्मिरी गेटही आहे. उत्पादन २०१४ पर्यंत चाललं, आणि कोलकात्यातल्या व्यावसायिक गाड्यांच्या १५ वर्षांच्या मर्यादेचा हिशेब धरला तर पिवळ्या टॅक्सींमुळे २०२९ पर्यंत मागणी तगेल. कुरियरने माल येतो, फक्त जुन्या पार्टवर कोरलेला नंबर आणि फोटो आधी पाठवावा लागतो, नाहीतर मार्क टू या जुन्या मॉडेलच्या गाडीला नंतरच्या मार्क फोरचा स्विच येतो. जुन्या ॲम्बॅसेडरचा पायाने दाबायचा डिपर ट्रक आणि जीपच्या दुकानातल्या मालातून भागवता येतो. हेडलाइट दोन्ही गाड्यांचे सात इंची गोल, बुलेट आणि जीपसारखेच, ती चिंता नाही.

सावध राहायचं ते शेवटच्या काळातल्या, इसुझु इंजिनाच्या इंजेक्शनवाल्या ॲम्बॅसेडरपासून. विकणारा 'सगळ्यात नवीन मॉडेल' म्हणून जास्त पैसे मागतो. तिच्यात इंजिनाचा कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, आणि हे काम मोटर वाइंडिंगवाल्याच्या हातचं नाही.

कोणी कोणती घ्यावी

मुंबई, पुणे, नाशिक या पट्ट्यात राहता, पहिलीच जुनी गाडी आहे आणि काम गॅरेजवर सोपवणार आहात, तर खासगी मालकाची, उत्पादनाच्या शेवटच्या पंधरा वर्षांतली पेट्रोल पद्मिनी. तिचं वायरिंग हाताखालून घातलेले इलेक्ट्रिशियन याच शहरांत आहेत. पन्नाशी-साठीच्या माणसाला विचारा, तिशीच्या नव्हे.

स्वतः टेस्ट लॅम्प घेऊन बसायची हौस असेल तर कार्ब्युरेटरची जुनी ॲम्बॅसेडर. रंग वाचता आले की ती शिकवते, बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, पार्टसाठी दहा-बारा दिवस थांबायची तयारी तेवढी हवी. विदर्भातल्या माणसाला तर कोलकाता नागपूरहून थेट रेल्वेने गाठता येतं.

कोणतीही पसंत पडली तरी विसार देण्याआधी हे करा: चावी बंद, दारं बंद, बॅटरीचं एक टर्मिनल काढून त्याच्या आणि केबलच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा. घड्याळ किंवा टेप नसेल तर लॅम्प पेटता कामा नये. पेटला तर वीज कुठेतरी गळते आहे. पद्मिनीत एकेक फ्यूज काढत जा, लॅम्प विझला की गळती त्याच सर्किटमध्ये. ॲम्बॅसेडरमध्ये दोन फ्यूज काढूनही लॅम्प तेवतच राहिला तर तपकिरी वायरीचे फाटे एकेक सोडवत बसावं लागेल, आणि विकणाऱ्याला तेवढा धीर क्वचितच असतो. तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोला.