बाळाचा बाप्तिस्मा आणि आदामाचं पाप: कुठला अर्थ धरायचा?

परवा नाना पेठेत मामेबहिणीकडे गेले होते, तिची मुलगी चार महिन्यांची, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा (ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा पाण्याचा संस्कार), आणि बाळाला मांडीवर थोपटता थोपटता ती एकदम म्हणाली, ताई, हिची अजून मानसुद्धा नीट धरत नाही, ही पापी कशी गं? प्रश्न येतो तो यामुळे की बाप्तिस्म्याने 'मूळ पाप' धुतलं जातं असं शिकवतात, म्हणजे देवाची आज्ञा मोडणाऱ्या पहिल्या माणसाकडून, आदामाकडून, सगळ्यांना वारशाने आलेलं पाप. असे अडकलेले आईबाप बरेच असतील म्हणून लिहितेय.

हे पाप कसं समजायचं यात पश्चिमेकडच्या (कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट) चर्चवर छाप आहे ती बिशप आणि धर्मपंडित संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांची. त्यांच्या मते, आजोबांच्या कर्जाचा बोजा नातवाच्या सातबाऱ्यावर चढावा तसा आदामाचा दोष आपल्याला जन्मतःच लागतो. त्यांचा मोठा आधार बायबलमधलं रोमकरांस पत्र ५:१२, पण ते वाचत होते लॅटिन भाषांतर, ज्यात 'ज्याच्यात (म्हणजे आदामात) सर्वांनी पाप केले' असा अर्थ निघतो आणि मूळ ग्रीकचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केले' असा लावतात, केवढा फरक पडला बघा. तरी एक गोष्ट मला यातली पटते, कितीही लाडाचं मूल असो, हिसकावून घेणं त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि कॅथलिक धर्मशिक्षणाचं १९९२ चं पुस्तकही स्पष्ट म्हणतं की मूळ पाप हे वंशजांनी स्वतः केलेलं पाप नव्हे, ती एक अवस्था आहे. म्हणजे निदान आजचं कॅथलिक चर्च तरी बाळावर आरोप ठेवत नाहीये.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे लोक म्हणतात वारशात आलं ते मरण आणि पापाकडे ओढणारा दुबळेपणा, दोष नाही. कर्ज नाही, आजार म्हणा. दुसऱ्या शतकातले बिशप इरेनियस तर आदाम-हव्वेला अजून वाढायची असलेली लेकरंच मानतात.

मला हे जास्त जवळचं वाटतं आणि कारण आदाम-हव्वेची गोष्ट सांगणाऱ्या, बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. तिथे 'पाप' हा शब्दच नाही, तो पहिल्यांदा येतो चौथ्यात, भावाला मारणाऱ्या आदामाच्या मुलाच्या, काइनाच्या वेळी. तिसऱ्यात देव आधी हाक मारतो, तू कुठे आहेस? मग शिक्षा सांगतो, आणि बागेतून बाहेर काढण्याआधी दोघांना चामड्याचे कपडे करून घालतो. रागावलेली आई मुलाला स्वेटर चढवते ना, अगदी तसं.

बाप्तिस्मा पुढे ढकलायचं मात्र कारण नाही, ऑर्थोडॉक्सही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. बहिणीला एवढंच सांगितलं, तयारीच्या वर्गात फादरांना हाच प्रश्न विचार, अजिबात लाजू नकोस.