राम १५०० च्या ५.९ इंजिनासाठी ५२ मिमी थ्रॉटल बॉडी: पार्ट बरा, दुखणी बसवण्यात

१९९४ ते २००१ या पिढीतल्या डॉज राम १५०० वर, म्हणजे ५.२ आणि ५.९ लिटरच्या मॅग्नम व्ही-८ इंजिनांवर, खूप खपणारा बदल म्हणजे बोअर (आतल्या भोकाचा व्यास) वाढवलेली थ्रॉटल बॉडी, म्हणजे पॅडलच्या दाबाप्रमाणे इंजिनात हवा सोडणारा भाग. कंपनीच्या बॉडीत ५० मिमीची दोन भोकं असतात, यात ती ५२ मिमीची. ज्यांच्याकडे ही जुनी पिकअप आहे आणि जे पाना स्वतः हातात घेतात, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. पार्ट चांगला आहे. पण तो बसवल्यावर रेस चढलेली राहते, गाडी सिग्नलला बंद पडते, गिअर वेळेवर पडत नाहीत, अशा तक्रारी सुरू होतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ नव्या बोअरमध्ये नसून तिच्या आजूबाजूला असतं.

आधी मिळतं काय ते. ५० चे ५२ झाले की क्षेत्रफळ सुमारे आठ टक्के वाढतं. ५.९ ची कमाल ताकद ४००० आरपीएमला येते. तेवढ्या वेगाला इंजिन पूर्ण क्षमतेने भरलं तरी मिनिटाला साधारण ११,८०० लिटर हवा लागते आणि मूळ बॉडी ती बऱ्यापैकी पुरवते. त्यापुढे या इंजिनाचं लांब नळ्यांचं, पिंपासारखं इनटेक मॅनिफोल्डच (हवा सिलिंडरांत वाटणारा भाग) आडवं येतं. त्यामुळे पूर्ण पॅडलवर फरक थोडा पडतो. जाणवतो तो अर्ध्या पॅडलवर, कारण तेवढ्याच दाबाला भोकांतल्या उघडमीट होणाऱ्या चकत्या जास्त हवा सोडतात आणि गाडी लवकर उचलते. ट्रेलर ओढणाऱ्याला हे आवडतं. पण ‘वीस हॉर्सपॉवर’ वगैरे जाहिरातींवर विसंबून पैसे टाकू नयेत.

बाजारात दोन प्रकार आहेत: जुनी कंपनीची बॉडी घेऊन बोअर करून नव्या पितळी चकत्या बसवलेली, आणि स्वस्तातली संपूर्ण नवी कास्टिंग. आमची पसंती पहिलीला, कारण शाफ्ट (चकत्या फिरवणारा दांडा), लिव्हर आणि केबलच्या जागा मूळच्या राहतात. मात्र जुन्या बॉडीचा शाफ्ट झिजलेला असू शकतो. खोका उघडल्यावर शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा. खेळ बोटाला जाणवला तर बॉडी परत करा, त्या फटीतून ती कायम हवा ओढत राहील. मग ती उजेडासमोर धरून लिव्हर बंद करा. दोन्ही चकत्यांभोवती उजेडाची रेघ अगदी बारीक आणि सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जाड चंद्रकोर दिसली तर चकती मधोमध नाही. चकत्यांचे स्क्रू मागून ठोकून पक्के केलेत का, किंवा थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा चिकट द्रव) लावलंय का, हेही तपासा. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

आता सर्वात मोठी तक्रार, चढलेली रेस. इंजिन गरम झाल्यावर आयडल (पॅडल न दाबता इंजिनाचा वेग) ७०० आरपीएमच्या आसपास यायला हवा, तो १००० ते १२०० वर अडकतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या इंजिनात हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर नाही. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर सगळा हिशेब चालतो. म्हणून कुठून चोरून हवा आत आली तर मिश्रण पातळ होत नाही. दाब वाढलेला दिसतो, कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. इतर ट्रकवरचे ‘लीन कोड’चे (पातळ मिश्रण दाखवणाऱ्या बिघाड-संकेताचे) सल्ले इथे जसेच्या तसे लागू करू नका.

स्कॅनर असेल तर आयडल मोटरच्या (पॅडल सोडलेलं असताना लागणारी हवा सोडणाऱ्या मोटरच्या) स्टेप्स, म्हणजे ती किती उघडी आहे ते, बघा. त्या शून्यावर आणि रेस तरीही चढलेली, याचा अर्थ मोटरने आपला रस्ता पूर्ण बंद केलाय आणि हवा दुसरीकडून येतेय. संशयित चार: बॉडीखालचं गॅस्केट, आयडल मोटरची ओ-रिंग, मधोमध न बसलेली चकती आणि ताणून बसलेली अॅक्सिलरेटर किंवा क्रूझची (वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेची) केबल. सुरुवात केबलींपासून करा. दोन्ही काढून लिव्हर मोकळा सोडला आणि रेस उतरली, तर शोध तिथेच संपला. गॅस्केटच्या बाबतीत ५० मिमीचं जुनं गॅस्केट वापरणं ही नेहमीची चूक. त्याची कड भोकात डोकावते, आणि जुना रबर पुन्हा नीट दबतही नाही. चार बोल्ट २३ न्यूटन-मीटरला, कोपऱ्याच्या समोर कोपरा असे आवळा. त्यापेक्षा जास्त जोर केलात तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. काम चालू असताना मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबून ठेवा.

आयडल कमी करायला स्टॉप स्क्रूला हात लावू नका, आणि वाढवायलाही नको. तो चकती भोकात रुतू नये एवढ्यासाठीच आहे. स्क्रू ढिला केला की चकती भोकात चावते, पॅडल पहिल्या दाबाला अडतं आणि मग एकदम सुटतं. वाहतुकीत हे धोक्याचं आहे.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे चकत्या किती उघडल्यात ते कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर, बसवताना हमखास चूक होते. त्याच्या खाचेत शाफ्ट दोन बाजूंनी बसू शकतो. बरोबर बसला असेल तर सेन्सर थोडे अंश फिरतो आणि फिरवताना स्प्रिंगचा किंचित ताण लागतो. तो ताण देऊनच स्क्रूची भोकं जुळवायची. फिरतच नसेल तर खाचेच्या दुसऱ्या बाजूने बसवा. दोन स्क्रू ७ न्यूटन-मीटर, त्यापुढे प्लास्टिक तडकतं. आयडलला व्होल्टेज ०.२६ ते ०.९५ च्या मध्ये असलं की पुरे. नेमके अर्धा व्होल्ट यावेत म्हणून भोकं कानशीने लांबवायची अजिबात गरज नाही. कमीत कमी मिळालेलं व्होल्टेज म्हणजे बंद थ्रॉटल, असं कॉम्प्युटर स्वतःच धरतो.

उलट तक्रार असेल, म्हणजे काळा धूर, पेट्रोलचा वास आणि गाडी बंद पडणं, तर बॉडीवरच्या मॅप सेन्सरखालचं एल आकाराची रबरी जोडणी बघा. जुनं रबर कडक झालेलं असतं, काढताना चिरतं. सेन्सरला बाहेरची हवा दिसली की इंजिनावर पूर्ण लोड आहे असं समजून पेट्रोल ओतलं जातं. काही रुपड्यांची वस्तू आहे, नवीच घाला.

स्कॅनर नसेल तर १९९७ पर्यंतच्या गाड्यांत इंजिन सुरू न करता चावी पाच सेकंदांत चालू-बंद-चालू-बंद-चालू करा आणि चेक इंजिन दिव्याचे लुकलुक मोजा. १२ म्हणजे बॅटरी नुकतीच काढली होती, ५५ म्हणजे यादी संपली. त्यांच्यामध्ये २५ आला तर आयडल मोटर, २४ थ्रॉटल सेन्सर, १३ किंवा १४ मॅप.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. थ्रॉटल लिव्हरला तिसरी केबल असते, ती गिअरबॉक्सच्या आतल्या व्हॉल्व्हला जाते. गिअर कधी बदलायचा आणि आतल्या क्लचवर दाब किती ठेवायचा, यात तिचा थेट हात असतो. ती ढिली राहिली तर गिअर लवकर आणि मऊ पडतात. चालवायला गुळगुळीत वाटतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि क्लच प्लेटा मात्र घसरत जळतात. इंजिन बंद करून, थ्रॉटल पूर्ण मिटलेला ठेवून, केबलचं टोक लिव्हरच्या खुंटीवरून काढा. टोकाचं भोक आणि खुंटी एकमेकांसमोर एक मिलिमीटरच्या आत यायला हवीत. नाही आली तर केबलचं कुलूप सोडून जुळवा. नव्या कास्टिंगच्या बॉडीत लिव्हरची खुंटी किंचित सरकलेली असू शकते, म्हणून तिथे हे मोजणं जास्तच गरजेचं.

बॉडी काढलेली असतेच, तर तेवढ्यात टॉर्च लावून मॅनिफोल्डच्या तळाशी बघा. तिथे तेल चकाकत असेल तर दोष थ्रॉटल बॉडीचा नाही. या मॅनिफोल्डचा तळ पत्र्याचा आणि वरचा भाग अॅल्युमिनियमचा. दोन्ही वेगवेगळे प्रसरण पावतात, मधलं गॅस्केट कुरतडलं जातं आणि इंजिन मॅनिफोल्डखालच्या दरीतलं तेल वर ओढतं. चढावर नॉकिंग (इंजिनाची टकटक), उतरलेलं तेल, काळे प्लग ही त्याची लक्षणं. खात्रीसाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी झडप) काढून त्याचं भोक बंद करा, आयडलवर दुसऱ्या बाजूच्या ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटात हवा घेणाऱ्या तोंडाच्या) तोंडावर तळहात ठेवा. हात ओढला गेला तर तळ फुटलाय. हलका दाब बाहेर येणं ठीक. असं असेल तर थ्रॉटल बॉडीचे पैसे आधी जाड अॅल्युमिनियमच्या तळपट्टीत आणि नव्या गॅस्केटमध्ये घाला.

बोअर केलेल्या बॉडीवर जुनी बॉडी परत देण्याची अनामत असते. ती लगेच पाठवू नका. एक थंड सकाळी सुरू करून, हायवेवर एकदा क्रूझ लावून आणि गिअरचं वागणं बघून झाल्यावरच खोका बंद करा, कारण शंका आली तर जुनी बॉडी पुन्हा बसवून बघणं ही सर्वात स्वस्त तपासणी आहे.